टाकीतला महाकाय शिंपला: कोल्हापुरात तो जगेल का, आणि ठेवावा का?

गेल्या महिन्यात राजारामपुरीतून भाच्याचा फोन आला. त्यानं मोबाइलवर एक रील पाहिलं होतं. काचेच्या टाकीत, दगडावर बसलेला एक शिंपला. दोन शिंपांच्या मधून बाहेर आलेली निळीजांभळी, झालरीसारखी कड. "मामा, ह्यो शिंपलाच हाय म्हणं. आपल्याकडं जगंल काय?"

भाच्याकडे दोन वर्षांपासून दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात क्लाउनफिशची एक जोडी आणि एक कोळंबी. मी स्वतः बारा वर्षं असल्या टाक्या सांभाळतोय, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. अलीकडे तर वरचेवर येतो. त्यात जुलै २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं या शिंपल्यांच्या दहा जातींना संरक्षण द्यायचा प्रस्ताव मांडला, आणि त्यातली सगळ्यात मोठी जात त्याच वर्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' गटात गेली. म्हणजे एकीकडे रीलमधून हौस वाढतेय आणि दुसरीकडे समुद्रातून प्राणी संपत चाललाय. फोनवर उत्तर अर्धंच देता आलं. पूर्ण उत्तर इथे देतो.

तिसऱ्या आणि हा शिंपला

कोकणातून आपल्या बाजारात तिसऱ्या येतात, त्या आणि हा शिंपला लांबचे भाऊबंद. तिसरी वाळूत किंवा चिखलात गाडून घेते, नळीनं पाणी आत ओढते, त्यातले सूक्ष्म कण गाळून खाते आणि उरलेलं पाणी बाहेर सोडते. महाकाय शिंपला, म्हणजे जायंट क्लॅम, हेही करतो. पण त्याचं खरं पोट भरतं ते सूर्यप्रकाशावर. म्हणून तो गाडून घेत नाही, उताणा पडल्यासारखा आभाळाकडे तोंड करून बसतो.

यातली सर्वांत मोठी जात ट्रायडॅक्ना जायगस. ती एक मीटरहून रुंद होते आणि वजन दोनशे किलोच्या पुढे जातं. घरच्या टाकीच्या संदर्भात जी नावं ऐकू येतात ती लहान जातींची: क्रोशिया साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत, मॅक्सिमा फूटभर, स्क्वामोसा त्याहून थोडा मोठा. विकायला असतो तो तळहाताएवढा किंवा त्याहून छोटा, त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज घेणाऱ्याला येत नाही.

"रत्नागिरीला गेलो तर एखादा मिळंल की," असं भाचा म्हणाला. नाही मिळणार. याला उथळ, उबदार आणि काचेसारखं नितळ पाणी लागतं, प्रवाळ असतात तसं. कोकणच्या किनाऱ्याला खाड्या आणि नद्या गाळ आणून सोडतात, पाणी गढूळ राहतं. आपल्या देशात हे शिंपले आहेत ते मुख्यतः लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळांवर.

आणि हा शिंपला पाणबुड्याचा पाय धरून त्याला बुडवतो ही गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली असेल, त्यांनी ती विसरावी. मोठे शिंपले हळू मिटतात, आणि बरेचसे पूर्ण मिटतही नाहीत.

अंगातला साखर कारखाना

शिंपांच्या बाहेर जी रंगीत झालर दिसते तिला प्रावार म्हणतात. हा त्याच्या शरीराचाच मऊ पडदा. या पडद्यात, पोटापासून निघालेल्या बारीक नळ्यांमध्ये, लाखो एकपेशीय शैवालं राहतात. त्यांना झूझँथेली म्हणतात; पुढे मी नुसतं शैवाल म्हणेन.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. उसाच्या पानावर ऊन पडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांतलं पाणी मिळून साखर तयार होते, ती कांड्यात साठते. आपण ऊस तोडतो, कारखान्यात नेतो, गाळतो. शिंपल्यानं मधली सगळी वाहतूक काढून टाकली आहे. शेत त्याच्या अंगातच आहे. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा तिथल्या तिथे शिंपल्याला देतं. शिंपला बदल्यात काय देतो? राहायला सुरक्षित जागा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि आपल्या उत्सर्जनातला नत्र, म्हणजे चक्क खत. हे शैवाल पिल्लाला आईबापांकडून मिळत नाही. प्रत्येक पिल्लू ते समुद्राच्या पाण्यातून नव्यानं मिळवतं. प्रत्येकाची पेरणी वेगळी.

रंगाचं काय? ती निळाई बरीचशी रंगद्रव्याची नाही. मोराच्या पिसाऱ्यात जसा प्रकाश फुटून निळा-हिरवा दिसतो, तसंच इथे. प्रावारात चकाकणाऱ्या पेशींचा थर असतो. तो शैवालाला उपयोगी प्रकाश आत पसरवतो आणि नको असलेला परतवतो. खाली शैवालं उभ्या खांबांसारखी रचलेली असतात, त्यामुळे वरच्यानं खालच्यावर सावली धरायची असं होत नाही. उसाच्या सऱ्या किती अंतरावर पाडायच्या हा हिशेब आपल्याकडे बांधावर बसून होतो. शिंपल्यानं तो पेशींत करून ठेवलाय. येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२४ साली प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांच्या शिंपल्यांवरून या रचनेचं गणित मांडलं. त्यांच्या मते ही मांडणी, प्रावाराची दिवसभराची ताणणी-आकसणी धरून, प्रकाशाचा ६७ टक्क्यांपर्यंत उपयोग करू शकते.

मी हा शिंपला प्रत्यक्ष पाहिला तो लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाजवळ, तोंडावर मास्क लावून, पुरुषभर पाण्यात. मॅक्सिमा होता, दगडात रुतून बसलेला, आत फक्त नागमोडी निळी फट. प्रावाराच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके ओळीनं होते. ते त्याचे डोळे, असे शेकडो. माझ्या हाताची सावली त्याच्यावरून गेली आणि पडदा झटक्यात आत ओढला गेला. मी हात मागे घेऊन तरंगत राहिलो. जरा वेळानं एका टोकाकडून तो पुन्हा बाहेर यायला लागला, आधी कड, मग दुमड, मग सगळी निळाई. त्याला मी दिसलो होतो, ही जाणीव मला अजून विसरता आलेली नाही.

"आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे"

हे वाक्य मला प्रत्येक जण ऐकवतो. आपले डोळे यात फसवतात, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि उन्हात लहान, त्यामुळे खोली आणि अंगण यांतला फरक आपल्याला खरा आहे त्यापेक्षा फार कमी वाटतो. वनस्पतीला उपयोगी पडणारा प्रकाश मोजायचं एक माप आहे, पार. भर दुपारच्या उन्हात ते साधारण २००० असतं. मॅक्सिमा किंवा क्रोशियाला टाकीत किमान दोन-तीनशे लागतं, तेही रोज आठ-दहा तास. ट्यूबलाइटच्या खोलीत त्याच्या जवळपासही आकडा जात नाही. म्हणजे प्रवाळांसाठी बनवलेले ताकदवान एलईडी हवेत, आणि ते विजेच्या बिलात दिसतात.

उजेड कमी पडला तर शिंपला लगेच मरत नाही. तो काही महिने साठ्यावर काढतो. मालकाला वाटतं, छान जमलं. मग एक दिवस पडदा आकसलेला दिसतो, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. उलट बाजूनंही सांभाळावं लागतं. नव्या शिंपल्याला थेट प्रखर दिव्याखाली ठेवलं तर शैवाल बाहेर फेकलं जाऊन तो पांढरा पडतो. रोपवाटिकेतून आणलेलं रोप आपण आधी सावलीत ठेवतो, तसंच करायचं.

पाणी: आटलेला रस्सा

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरच्या टाकीला हिशेब सात किलोंचा होतो. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. त्यात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काहीच नसतं. मत्स्यालयासाठीचं मिश्र मीठच लागतं.

ते कशात विरघळवायचं, इथे मोठी चूक होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय खतांचे अंश. म्हणून लोक घरच्या आरओचं पाणी वापरतात. अलीकडच्या कित्येक घरगुती आरओमध्ये 'तांब्याचे गुण' देणारी नळकांडी बसवलेली असते. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालतं. शिंपला, कोळंबी, प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंही विषासारखं लागतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर देतात त्यातल्या बऱ्याच औषधांतही तांबंच असतं, आणि ते दगडांत, वाळूत मुरून राहतं. अशी औषधं पडलेल्या टाकीत पुढे शिंपला ठेवू नये.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. चुलीवर रस्सा आटला की तो खारट होतो; आपण वरून पाणी घालतो, मीठ नाही. टाकीचंही तसंच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज कमी झालेलं पाणी गोड्या, शुद्ध पाण्यानंच भरायचं. सात दिवसांची भर एकदम घालणं म्हणजे शिंपल्याला आठवडाभर खारटपणा वाढवत नेऊन एका मिनिटात खाली आणणं.

आणि पाणी फार स्वच्छही नको. खत नसलेल्या शेतात पीक कसं येईल? थोडे मासे, त्यांची विष्ठा, त्यातला थोडा नत्र शैवालाला हवाच असतो. नवी टाकी भरल्यावर आधी जीवाणू बसावे लागतात, जे विषारी अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्याला महिना-दीड महिना लागतो. शिंपल्यासाठी मी त्यावर आणखी निदान सहा महिने थांबायला सांगेन.

कवच कुठून येतं

मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हा, कारण इथे रसायनशास्त्र आजीच्या फडताळापर्यंत येतं.

शिंपल्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. त्यासाठी पाण्यातून दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट. दुसऱ्या गोष्टीचा साठा ज्या मापानं मोजतात तिला क्षारता म्हणतात. विटा आणि सिमेंट समजा. एक संपलं की दुसरं कितीही असलं तरी भिंत थांबते. टाकीत कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम हवं आणि क्षारता, तिच्या 'जर्मन अंश' या एककात, ८ ते १०.

आता हिशेब करून बघा. दोनशे लिटरच्या टाकीत शिंपल्यानं दहा ग्रॅम कवच बांधलं. दहा ग्रॅम म्हणजे दोन छोटे चमचे साखर, एवढंच. त्यासाठी कॅल्शियम लिटरला २० मिलिग्रॅमनं उतरतं. ४२० चे ४००, काही बिघडलं नाही. पण क्षारता २.८ अंशांनी उतरते: ८ ची ५.२. म्हणजे संकट. जो फक्त कॅल्शियम मोजतो त्याला सगळं आलबेल दिसतं आणि शिंपल्याची वाढ मात्र थांबलेली असते. समुद्राला हा खर्च जाणवत नाही, त्याचा साठा अथांग आहे. दोनशे लिटरला जाणवतो.

भरून कसं काढायचं? जुन्या घरांत चुन्याची निवळी करायचे आठवतं? चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. जगभरातले प्रवाळ पाळणारे तेच करतात. त्या निवळीतून कॅल्शियम आणि क्षारता, दोन्ही कवचाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, त्यामुळे जास्त घालून फायदा नाही. ही निवळी अतिशय दाहक असते. ती डोळ्यांत उडू देऊ नका आणि टाकीत कधी एकदम ओतू नका. रात्री थेंबथेंब सोडतात. रात्री शैवालाचं काम बंद असतं आणि पाणी आम्लतेकडे झुकतं, तेव्हा चुना ते सावरतो. पानटपरीवरचा चुना मात्र नको. त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते.

कोल्हापूरचा एप्रिल आणि कोल्हापूरचा पाऊस

शिंपल्याला पाणी २४ ते २७ अंशांचं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पारा अडतीसच्या घरात गेला की घरातली टाकी सहज तिशी ओलांडते. पृष्ठभागावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्यानं उडतं, म्हणजे पुन्हा आटलेला रस्सा. पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, हाच भरवशाचा उपाय.

पावसाळ्यात प्रश्न विजेचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझ्याकडे वीज चार दिवस नव्हती. घर पाण्यापासून वाचलं, टाकी नाही वाचली. पंप थांबला की पाणी ढवळायचं थांबतं, प्राणवायू संपतो, दगडांतले जीवाणू गुदमरतात. पहिली रात्र मी आणि बायकोनं आळीपाळीनं मगानं पाणी उचलून वरून सोडत काढली. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर संपलेला, बॅटरीवरचा हवेचा पंप माझ्याकडे नव्हता. तिसऱ्या सकाळी क्लाउनफिश तळाशी होते. आज माझ्याकडे असे दोन पंप आहेत आणि जूनमध्ये मी त्यांच्या बॅटऱ्या तपासतो. शिंपला ठेवायची इच्छा असणाऱ्यानं आधी हे विचारावं: चार दिवस वीज गेली तर?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शिंपला धाग्यांनी दगडाला चिकटतो. त्याला ओढून उचललं तर धाग्यांचं मूळ फाटतं आणि तो मरतो. एंजलफिश आणि बटरफ्लायफिश त्याची झालर कुरतडतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई रात्री त्याचा रस शोषतात. पाणी आत ओढायचं त्याचं भोक सतत ताणून उघडं दिसलं तर तो आजारी आहे.

"पण तो शिंपलाच आहे ना, वाघ थोडाच आहे?"

कायद्यापुरतं बोलायचं तर हो, त्याला वाघाच्याच रांगेत बसवलंय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, २००१ साली मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हे शिंपले घातले गेले. दगडी प्रवाळही तेव्हाच गेले. आपल्या दाजीपूरचा गवा त्याच यादीत आहे. दाजीपुरातून गव्याचं वासरू कुणी घरी आणेल का? लक्षद्वीपचा शिंपला टाकीत आणणं कायद्याच्या नजरेत त्याच जातीचा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. जिवंत प्राण्यालाच नव्हे, शोभेला आणलेल्या शिंपेलाही कायदा लागू होतो.

हे इतकं कडक का, तर हा प्राणी जागचा हलत नाही. एकदा दिसला की सापडलाच. आणि त्याची पैदास गर्दीवर अवलंबून आहे: अंडी आणि शुक्रपेशी तो पाण्यात सोडतो, जवळ दुसरा शिंपला नसेल तर त्या वाया जातात. दहातले आठ उचलले तर उरलेले दोन जिवंत राहतात, पण त्यांना पिल्लं होणं अवघड होऊन बसतं. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपाइन्सच्या पलावानमध्ये एकाच छाप्यात सुमारे दोनशे टन शिंपा पकडल्या गेल्या, कोरीवकामासाठी हस्तिदंताऐवजी विकायला साठवलेल्या. तो समुद्र किती पोकळ झाला असेल?

"परदेशात पैदास केलेला घेतला तर?"

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पलाऊसारख्या ठिकाणी अनेक दशकांपासून या शिंपल्यांची पैदास होते. तिथून येणारा शिंपला समुद्रातून ओरबाडलेला नसतो, आणि त्यातून बेटांवरच्या लोकांना रोजगार मिळतो. अशी पैदास वाढावी असंच मला वाटतं.

पण कागदांचा प्रश्न सुटत नाही. महाकाय शिंपल्यांचं सगळं कुळ १९८५ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय तो सीमा ओलांडू शकत नाही. त्यावर आपल्याकडे आयातीची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनं साइट्समधल्या प्राण्यांसाठी कायद्यात स्वतंत्र अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि जी जात पहिल्या अनुसूचीत आहे, ती "बाहेरची" आहे असं तोंडी सांगून भागत नाही.

मला एकानं शिंपला देऊ केला होता, पिशवीत, पावतीशिवाय. कागद मागितले तर म्हणाला, "सगळे असंच घेतात." मी नाही घेतला. तो पैदास केलेला होता की लक्षद्वीपच्या दगडावरून छिन्नीनं काढलेला, हे पिशवीत बघून कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून भाच्याला सांगितलं ते असं. कोल्हापुरात तांत्रिकदृष्ट्या शिंपला जगू शकतो; दिवे, चिलर, बॅटरी आणि रोजचं लक्ष असेल तर. पण पूर्ण कागद हातात असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि आजच्या घडीला असे कागद दाखवणारा विक्रेता मला भेटलेला नाही. तोवर शिंपल्याला लागेल तसं पाणी वर्षभर स्थिर ठेवून दाखव. क्लाउनफिशची आपल्याकडे पैदास होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलंय, ते पाळ. आणि पैसे साठव, एकदा अगत्तीला जाऊ.

त्याचा परवा संध्याकाळी मेसेज आला, वहीच्या पानाचा फोटो. क्षारता ८.१, कॅल्शियम ४२०, तापमान २६. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मामा, घरच्या आरओत तांब्याचं नळकांडं निघालं. काढून टाकलं."